रेघा छेदायच्या नाहीत

वर चार ठिपके, खाली चार ठिपके. या आठांच्या जोड्या लावायच्या. जोडी वरच्या-खालच्याची चालेल, वरच्या दोघांची चालेल, खालच्या दोघांचीही चालेल. एकटा कोणी उरायचा नाही. रेघा दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यातच ठेवायच्या आणि एकीने दुसरीला छेदायचं नाही. अशा किती आकृत्या होतात?

१४. तीन-तीन ठिपके घेतले तर ५, पाच-पाच घेतले तर ४२. १, २, ५, १४, ४२, १३२ ही कातालान संख्यांची मालिका गणितात इतक्या ठिकाणी भेटते की ती भेटली म्हणून आता कोणी दचकत नाही. दचकायला होतं ते पुढे. या आकृत्यांचा गुणाकार करता येतो.

एक आकृती दुसरीच्या डोक्यावर ठेवायची. वरचीचे खालचे ठिपके खालचीच्या वरच्या ठिपक्यांवर बसवायचे, मग मधले ठिपके पुसायचे आणि प्रत्येक रेघेच्या मागे मागे जायचं. वरून निघालेली रेघ मध्ये येते, वळते, पुन्हा वर जाते किंवा खाली निघून जाते. शेवटी हाती त्याच चौदांपैकी एक आकृती लागते. मात्र कधी कधी मधल्या मध्ये एखादी रेघ स्वतःलाच मिळते आणि गोल होऊन बसते. ती ना वर पोहोचते ना खाली. असा गोल काढून टाकायचा आणि त्याच्याबद्दल पुढे एक संख्या गुणायची. तिला डेल्टा म्हणतात. टेंपर्ली-लीब बीजगणित म्हणतात ते एवढंच. हॅरॉल्ड टेंपर्ली आणि एलियट लीब या दोघांच्या १९७१ सालच्या निबंधातून ते आलं, आणि तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न भौतिकशास्त्रातले होते: जाळीतून पाझर कसा होतो, नकाशे किती प्रकारे रंगवता येतात. या रेघा त्यांनी काढलेल्या नव्हत्या. त्यांच्याकडे नुसती सूत्रं होती. ती सूत्रं अशी रेघांनी वाचता येतात हे लुई कॉफमनने ऐंशीच्या दशकात दाखवलं.

मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवतो. हा विषय अभ्यासक्रमात नाही. परीक्षा संपल्यावर जी मुलं राहतात त्यांना सकाळी सातला बोलावतो, कारण दहानंतर आमच्याकडचा एप्रिल कोणाला बसू देत नाही. एकदा गोल पुसून डेल्टा लिहिला, तर यावलकडची एक मुलगी म्हणाली, "सर, गोल पुसला तर पुसला. वर त्याची किंमत कसली लावता?"

या विषयावरची कितीतरी व्याख्यानं मी ऐकली आहेत, आणि हा प्रश्न तिथे कोणी विचारलेला मला आठवत नाही. एका उजळणी वर्गात तर वक्त्यांनी पहिल्या मिनिटाला फळ्यावर हॉफ बीजगणिताची, म्हणजे क्वांटम ग्रुप ज्या साच्यात मांडतात त्याची, व्याख्या लिहिली, दुसऱ्याला सहगुणन, आणि चहापर्यंत समोरचे निम्मे प्राध्यापक मोबाइलमध्ये होते. क्वांटम ग्रुप हा विषय उलट्या टोकाने शिकवायची जगभर रीत पडली आहे असं माझं मत आहे. आधी भलीमोठी रचना उभी करायची आणि मग म्हणायचं, हिची एक छोटीशी सावली या आकृत्यांत दिसते. मी सावलीपासून सुरुवात करतो. सावली बोटांवर मोजता येते.

तर गोलाची किंमत. ओळीतल्या प्रत्येक ठिपक्याशी एक धागा आणि प्रत्येक धाग्यावर एक बाण आहे असं धरा, तोंड वर किंवा खाली. धागे दोन असले तर चार शक्यता. आता ती आकृती घ्या, जिच्यात वरचे दोन ठिपके आपसांत जोडलेत आणि खालचे दोन आपसांत. ही आकृती बाणांच्या जोडीवर काम करते. दोन्ही बाण एकाच दिशेचे असतील तर उत्तर शून्य. दिशा उलट असतील तर दोन शक्यता उरतात, आणि त्यांच्यावर दोन बाय दोनचं एक मॅट्रिक्स चालतं: कर्णावर १/क्यू आणि क्यू, उरलेल्या दोन्ही जागी उणे १. क्यू ही कुठलीही शून्य नसलेली संख्या. या मॅट्रिक्सचा निश्चयक काढा. दहावीचं पोरगंही काढेल: क्यू गुणिले १/क्यू म्हणजे १, वजा १, शून्य. आणि दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सचा निश्चयक शून्य असला की त्याचा वर्ग म्हणजे तेच मॅट्रिक्स, फक्त कर्णावरच्या बेरजेने गुणलेलं. इथे ती बेरीज क्यू अधिक १/क्यू.

आकृतीत काय झालं तेही पाहा. ती आकृती स्वतःच्याच डोक्यावर ठेवली तर मध्ये एक गोल मिटतो आणि तीच आकृती परत मिळते. म्हणजे डेल्टा बरोबर क्यू अधिक १/क्यू. किंमत आपण लावलेली नाही, ती त्या मॅट्रिक्समध्ये बसलेलीच होती. (जाणकारांसाठी: कॉफमनच्या पद्धतीत ही किंमत उणे चिन्हासह येते. त्या उण्याने मला पूर्वी बराच त्रास दिला आहे, म्हणून इथे त्याला दाराबाहेर ठेवतो.)

क्यू १ केला तर गोलाची किंमत २ होते. दोनच का? कारण बाणाला दिशाच दोन. गोल मिटतो तेव्हा त्या गोलावरून किती प्रकारचे बाण फिरू शकतात याची तो मोजदाद करत असतो, आणि यालाच गणितात मिती म्हणतात. क्यू १ पासून हलला की दिशा दोनच राहतात, मिती मात्र क्यू अधिक १/क्यू मोजली जाते. ‘क्वांटम’ या नावामागचा धाक मला इथे सगळा ओसरतो. मोजायच्या वस्तू त्याच, प्रत्येकीला वजन वेगळं.

ते वजन सांभाळून बाण वर-खाली करणाऱ्या क्रियांचा समूह म्हणजे इथला क्वांटम ग्रुप. व्लादिमिर ड्रिनफेल्ड आणि मिचिओ जिम्बो यांनी १९८५च्या सुमारास तो स्वतंत्रपणे मांडला. त्यात तीन पात्रं: एक बाण वर करतं, एक खाली करतं, तिसरं वजन करतं. धाग्यांवर या तिघांना काम करू द्या आणि विचारा, यांच्या कामात अजिबात ढवळाढवळ न करता धाग्यांवर आणखी काय काय करता येईल? उत्तर येतं: त्या न छेदणाऱ्या आकृत्या, आणि त्यांच्या बेरजा. बास. बाहेरचं काही नाही. क्यू १ असताना हीच गोष्ट इसाई शूरने १९०१च्या प्रबंधातून सुरू केलेल्या आणि पुढे हर्मन वाइलने प्रसिद्ध केलेल्या द्वैताचा भाग आहे. दोन्हीकडची मोजणी एकमेकांना चोख बसते, आणि ती बसते हे हाताने दाखवता येतं. त्यासाठी मी मुलांना प्रस्ताराकडे नेतो.

चार अक्षरांच्या चरणात लघु-गुरू किती प्रकारे मांडता येतील? १६. पिंगलापासूनचा हा प्रस्तार मराठी माध्यमातल्या मुलांना वृत्तांच्या निमित्ताने ओझरता तरी माहीत असतो. आता लघु म्हणजे उघडणारा कंस आणि गुरू म्हणजे मिटणारा कंस समजा, आणि जिथे कंस जुळतील तिथे जुळवून टाका. लघु-गुरू शेजारी आले की जोडी, ती बाजूला काढली की नवे शेजारी, पुन्हा जोडी. शेवटी जे बिनजोडीचे उरतात त्यांत सगळे गुरू आधी येतात आणि सगळे लघु नंतर, नाहीतर आणखी एक जोडी झाली असती. म्हणजे उरलेले दोन असतील तर त्यांचे प्रकार तीनच: गुरू गुरू, गुरू लघु, लघु लघु. उरलेले चार असतील तर पाच प्रकार. कोणीच उरला नाही तर एक.

आता जोड्यांचे आकार मोजा. एकही जोडी नाही, असा आकार १. एकच जोडी, असे आकार ३, कारण जोडीने बिनजोडीच्याला पोटात घ्यायचं नाही आणि म्हणून ती शेजाऱ्यांचीच हवी. दोन जोड्या, असे आकार २: शेजारी शेजारी, किंवा एकीच्या पोटात दुसरी. एकूण प्रस्तार १ गुणिले ५, अधिक ३ गुणिले ३, अधिक २ गुणिले १. सोळा. आणि हे जोड्यांचे आकार म्हणजे आपल्या आकृत्यांचे वरचे किंवा खालचे अर्धे भाग. पूर्ण आकृतीला वरचा अर्धा आणि खालचा अर्धा लागतो, दोन्हींत जोड्या सारख्याच हव्यात, मग आरपार रेघा कशा जायच्या ते आपोआप ठरतं. म्हणून आकृत्या १ चा वर्ग, अधिक ३ चा वर्ग, अधिक २ चा वर्ग. चौदा.

क्वांटम ग्रुपच्या भाषेत ५, ३, १ हे बाणांचं सोळा मितींचं घर ज्या खोल्यांत वाटलं जातं त्यांचे आकार आहेत. आकृत्यांच्या बीजगणिताच्या भाषेत १, ३, २ हे त्याच खोल्यांचे मोहल्ले: पाचाची खोली १, तिनाच्या ३, एकाच्या २. कंस जुळवायची ही युक्ती क्वांटम ग्रुपमध्ये क्यू शून्याकडे नेल्यावर आपसूक उगवते. मासाकी काशिवाराने १९९० साली तिचा सामान्य सिद्धांत उभा केला आणि त्याला क्रिस्टल म्हटलं. २०२५चं आबेल पारितोषिक त्याला मिळालं.

१, ३, २ फळ्यावर होते तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "आरे, हाई ते मेरूच शे!" मुलं आपसांत अहिराणीतच गणित करतात आणि मला ते फार आवडतं. बरोबर होतं. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलावरच्या टीकेत जो मेरुप्रस्तार (आजचा पास्कलचा त्रिकोण) सांगितला, त्याची चार अक्षरांसाठीची ओळ १, ४, ६, ४, १. पहिल्या अर्ध्यात लगतच्या संख्यांतले फरक घ्या: १, ३, २. पाच धाग्यांसाठी १, ५, १० वरून १, ४, ५, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ४२.

अशा वेळी लगेच कोणीतरी म्हणतं की बघा, आपल्याकडे सगळं आधीच होतं. नव्हतं. हलायुधाकडे मेरू होता, आकृत्यांचा गुणाकार नव्हता. पण मोजणी हा स्वतंत्र, मानाचा विषय आहे ही समज मात्र होती, आणि त्याचा एक दगडी पुरावा आमच्या जिल्ह्यात आहे.

चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटण आहे. लोक पाटणादेवी म्हणतात आणि श्रावणात धबधब्याला जातात. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढतो, आणि निकुंभ घराण्याचा सोईदेव त्या मठाला १२०७ साली दान देतो. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे, त्यात कोणत्या मालावरचा कोणता कर मठाला द्यायचा याचा हिशेब. गणिताचा ग्रंथ शिकवण्यासाठी बाजारपेठेवर कर! धुळ्याहून चाळीसगावची गाडी पकडून मुलांना तिथे घेऊन जातो तेव्हा देवळापेक्षा या कराबद्दलच जास्त बोलतो, आणि मुलं धबधब्याकडे बघत ऐकतात.

त्या मठात जी लीलावती शिकवली जायची तिचं शेवटचं प्रकरण अंकपाश, म्हणजे निव्वळ मांडण्यांची मोजणी. त्यातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे? ३६,२८,८००. हरीच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख किती प्रकारे? २४.

हे २४ मला इथे हवे आहेत. वर चार ठिपके, खाली चार, प्रत्येक वरचा एकेका खालच्याला जोडलेला आणि रेघा छेदायला मोकळीक: अशा आकृत्या २४. शूरचं द्वैत मुळात या आकृत्यांवर उभं आहे. मग २४ चे १४ कसे होतात? बाणाला दिशा दोनच आहेत म्हणून. तीन धाग्यांवर तीनही वस्तू वेगळ्या ठेवायच्या म्हटल्या तर दोन दिशांत ते जमत नाही. तिघांची अदलाबदल करून चिन्हं पालटत बेरीज घेतली की उत्तर शून्य. म्हणून ज्या मांडण्यांत कुठलीही तीन आयुधं पूर्ण उलट्या क्रमाने येतात त्या वेगळ्या मोजायची गरज उरत नाही. बाकीच्यांवरून त्या लिहिता येतात. हरीच्या २४ मांडण्यांपैकी अशा दहा. उरल्या चौदा. वर्गांच्या हिशेबातही हेच दिसतं: २४ म्हणजे १, ३, २, ३, १ यांच्या वर्गांची बेरीज, आणि शेवटचे ९ अधिक १ गळून पडतात.

क्यू १ नसेल तेव्हा छेदणाऱ्या रेघा नुसत्या छेदत नाहीत, एक दुसरीच्या वरून जाते. खाट विणताना सुंभ वरून गेला की खालून हे विसरून चालत नाही, तसं इथेही. वरून जाणारा छेद आणि खालून जाणारा छेद ही दोन वेगळी कामं होतात, आणि दोन्ही न छेदणाऱ्या आकृत्यांच्या बेरजेने लिहिता येतात: एक वाटा सरळ दोन रेघांचा, एक वाटा वळलेल्या जोडीचा, वजनं क्यूच्या हिशेबाने. तीन धागे एकमेकांवरून न्यायचे असतील तर आधी कुठली जोडी ओलांडायची याने शेवटी फरक पडू नये, ही अट म्हणजे यांग-बॅक्स्टर समीकरण. ड्रिनफेल्ड आणि जिम्बो दोघेही त्याच समीकरणाच्या मागावर होते.

वॉन जोन्स मात्र तिसऱ्याच रस्त्याने आला. न्यूझीलंडचा हा माणूस फॉन नॉयमन बीजगणितांवर काम करत होता, म्हणजे अनंत मितींच्या विश्लेषणात. तिथे त्याला हीच सूत्रं सापडली, टेंपर्ली-लीब यांची, त्यांचं नाव डोक्यात नसताना. सूत्रं वेण्यांच्या गणितासारखी दिसतात असं लोक म्हणाले, म्हणून १९८४ साली तो न्यूयॉर्कला जोन बर्मनला भेटला, आणि त्यातून गाठींचा जोन्स बहुपदी निघाला. गाठ सपाट काढायची, प्रत्येक छेद वरच्यासारखा उलगडायचा, शेवटी नुसते गोल उरतात, प्रत्येक गोलाला त्याची किंमत. १९९० साली क्योटोत जोन्स आणि ड्रिनफेल्ड या दोघांनाही फील्ड्स पदक मिळालं. जोन्सने तिथलं व्याख्यान न्यूझीलंडच्या रग्बी संघाची जर्सी घालून दिलं होतं. २०२० साली तो गेला.

नियम सैल करत गेलं की भावंडं निघतात. जोड्याच लावायच्या पण छेद चालेल, असं म्हटलं तर रिचर्ड ब्राउअरचं १९३७चं बीजगणित. तिथे संख्या १, ३, १५, १०५, आणि गोलाची किंमत ठरवणारे समूह म्हणजे लांबी सांभाळणाऱ्या फिरवण्यांचे. जोड्यांऐवजी कितीही जणांचे गट चालतील म्हटलं तर पॉल मार्टिन आणि जोन्सचं विभाजन बीजगणित, आणि संख्या २, १५, २०३. त्यांच्यावरही ढीगभर काम झालंय. मला स्वतःला न छेदणाऱ्यांचंच वेड, कारण त्यांच्या बाबतीत पुढची मोडतोड डोळ्यांसमोर होते.

मोडतोड अशी. वर्गांची बेरीज १४ येते ही मोजणी डेल्टाकडे बघतही नाही. पण बीजगणित खरोखर त्या मोहल्ल्यांत वाटलं जाईल की नाही, हे डेल्टावर ठरतं. नुसतं मोजणाऱ्यांना हे दिसत नाही, आणि इथे मला हॉफ बीजगणितवाल्यांपुढे जरा नमतं घ्यावं लागतं. तपासायची रीत मात्र पुन्हा हातानेच करण्याची. एक जोडी असलेले अर्धे भाग घ्या, एकावर एक उलटा ठेवून जुळवा. गोल मिटला तर डेल्टा लिहा, उरलेल्या रेघा आरपार गेल्या तर १, आरपार जाणाऱ्याच आपसांत जुळल्या तर ०. या आकड्यांचं मॅट्रिक्स करा. निश्चयक शून्य झाला की घर पडलं.

तीन धाग्यांसाठी अर्धे भाग दोन. कर्णावर डेल्टा, बाकी १. निश्चयक: डेल्टाचा वर्ग वजा १. चार धाग्यांसाठी तीन अर्धे भाग. निश्चयक डेल्टाचा घन वजा दोन डेल्टा. म्हणजे तीनला डेल्टाचा वर्ग १ असताना मोडतं, चारला २ असताना (आणि डेल्टा शून्य असताना). यावलच्या मुलीने पाच धाग्यांचं चार बाय चारचं मॅट्रिक्स वहीत मांडून आणलं: डेल्टाचा चौथा घात, वजा तीन डेल्टा वर्ग, अधिक १. डेल्टाच्या वर्गाची मोठी किंमत ३ अधिक वर्गमूळ ५, भागिले २, सुमारे २.६१८.

मग मी जोन्सची १९८३ची यादी फळ्यावर लिहिली. एका बीजगणितात दुसरं किती वेळा मावतं याचा जो निर्देशांक त्याने काढला, तो ४ पासून पुढे काहीही असू शकतो. ४ च्या आत मात्र ठरावीकच किमती: १८० अंशांना ३, ४, ५, ६ असं भागत जायचं, त्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग करायचा आणि ४ ने गुणायचं. १, २, २.६१८, ३, आणि असंच ४ च्या जवळ जवळ. ४ म्हणजे डेल्टा २, म्हणजे क्यू १.

सहाचा निश्चयक वर्गातच केला. डेल्टाच्या वर्गाला ३ आला, यादीप्रमाणे. पण सोबत १ आणि ० पण आले. ३ नवा, पण १ तीन धाग्यांचा आणि ० दोन धाग्यांचा, ते इथे काय करताहेत, असं मी विचारलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून आलं: "सहाले तीनना भाग जास, दोनना बी जास." मी म्हटलं, मग बाराला काय काय येईल ते निश्चयक न काढता सांगा.